काजूच्या ओळीत मी लावलेलं माप

काजूच्या कारखान्यात उमेदीची वर्षं काढलेला माणूस भेटला की लोक त्याला दोन गोष्टी हमखास विचारतात. काजू एवढे महाग का, आणि तुम्ही दिवसभर खातच बसत होतात का? पहिल्याचं उत्तर द्यायला मला तास लागतो आणि तोवर विचारणारा उठून गेलेला असतो. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. पहिला महिना खाल्ले, नंतर वाससुद्धा नकोसा झाला.

किस्से मात्र माझ्याकडे भरपूर आहेत. एकदा अमेरिकेहून पत्र आलं की तुमच्या डब्यात हिरव्या काचेचा तुकडा सापडला. काकणाचा होता, दुसरं काय असणार! मालकांनी हुकूम सोडला, बायकांनी काकणं काढून कामाला बसावं. मी मूर्खासारखा तो हुकूम वाचून दाखवला. साठ-सत्तर बायका एकदम उठून दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. "तुमच्या अमेरिकेक सांगा, आमचे घोव जिते आसत," असं त्यांतली एक मला म्हणाली. नवरे जिवंत असताना काकणं कोण उतरवणार! अर्धा दिवस भट्टी थंड. शेवटी जुन्या लुगड्याच्या पट्ट्या मनगटापासून कोपरापर्यंत बांधायच्या असं ठरलं, काकणं आत राहिली आणि अमेरिका गप्प बसली. ती युक्ती नंतर दुसऱ्या कारखान्यांनीही उचलली, आणि ती माझी म्हणून मी पुष्कळ मिरवलो.

हे असले किस्से मी लग्नाकार्यात सांगतो, लोक हसतात, पोरं म्हणतात आजोबा आणखी एक. पण एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही. तिच्यात हसण्यासारखं काही नाही आणि मिरवण्यासारखं तर मुळीच नाही. आता वय झालं, ऐकून कोण काय करणार आहे मला? तेव्हा लिहून टाकतो.

मी मूळचा विजयदुर्गाकडचा. वडील लहानपणीच गेले. आईनं मामाकडे मुंबईला धाडलं, तिथं शिकलो आणि एकोणीसशे पन्नास साल उलटल्यावर केव्हातरी फोर्टातल्या एका सल्लागार कंपनीत चिकटलो. सल्लागार म्हणजे काय, हे आईला ती जाईपर्यंत मी समजावू शकलो नाही. कारखानदार आम्हाला बोलावायचे, आम्ही जाऊन त्यांचं काम बघायचो, आणि ते काम कमी माणसांत, कमी वेळात कसं होईल याचा टाइप केलेला अहवाल द्यायचो. उंटावरून शेळ्या हाकण्याचे पैसे मिळतात हे मला तिथं कळलं. मी तिथला सगळ्यांत धाकटा. माझ्याकडे एक स्टॉपवॉच, एक फळी, फळीला चिमट्यानं लावलेले कागद. कामगारासमोर उभं राहायचं, त्याच्या हाताची प्रत्येक हालचाल घड्याळावर टिपायची.

यात एक मेख असते, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नुसता वेळ टिपून भागत नाही. समोरचा माणूस रोजच्या चालीनं काम करतोय, रेंगाळतोय की घाई करतोय, हे बघणाऱ्यानं आपल्या अंदाजानं ठरवायचं असतं आणि त्याचा आकडा कागदावर टाकायचा असतो. रोजची चाल म्हणजे शंभर. रेंगाळत असेल तर ऐंशी, नव्वद. घाईत असेल तर सव्वाशे, दीडशे. त्या आकड्यावरून एकानं दिवसात किती काम करावं याचं माप निघतं, आणि आकडा जेवढा कमी तेवढं माप कडक. आणि आम्हाला पहिल्याच आठवड्यात घोकवलेला धडा असा होता की घड्याळ दिसलं की कामगार मुद्दाम हळू काम करतो. सव्वाशे लिहायची वेळ तुमच्यावर कधी येणारच नाही, असं आमचे मोठे साहेब म्हणायचे आणि आम्ही हसायचो.

मालवणपासून चार-पाच मैलांवरच्या एका काजूच्या कारखान्याचं काम आलं तेव्हा साहेबांनी मला बोलावलं. "तुम्ही तिकडचेच ना? भाषा येते?" येते म्हटलं. तेवढ्यावर मला एकट्याला धाडलं. बोटीनं गेलो, मालवणला होडीत उतरलो, पँट गुडघ्यापर्यंत भिजली आणि त्या अवतारात कारखान्याच्या दारात उभा राहिलो.

काजू फोडण्याचं काम तेव्हा सगळं हातानं चाले. भट्टीतून बी काळी ठिक्कर होऊन येते. बाई पाटावर बसते, समोर दगड, हातात लाकडी हातोडी. बी दगडावर उभी धरायची आणि नेमका एक ठोका. जोरात पडला तर गराचे तुकडे, हलका पडला तर टरफल नुसतं हसतं. अख्खा गर निघाला तर त्याला भाव, तुकड्याला निम्माही नाही. आणि त्या टरफलात तेल असतं, ते महाजहाल. कातडीला लागलं की भाजतं, फोड येतात, मग सालं निघतात. म्हणून प्रत्येकीच्या बाजूला राखेचं टोपलं. चार-पाच बिया फोडल्या की हात राखेत बुडवायचा, चोळायचा आणि पुढची बी घ्यायची.

फोडणाऱ्यांच्या ओळीत पहिली बसायची ती द्वारकाकाकी. पन्नाशीची, जवळच्याच वाडीतली, मासेमाऱ्याच्या घरातली. नवऱ्याचे गुडघे गेलेले, तो घरात बसून जाळी विणायचा. मुलगा दुसऱ्याच्या होडीवर जायचा. ओळीतल्या बायका तिचं ऐकायच्या. मी फळी घेऊन उभा राहिलो तशी तिनंच विचारलं, "काय रे झिला, ह्या घड्याळ कित्याक?"

झिला म्हणजे मुला. मीही मालवणीतच बोललो. मला वाटलं, त्या मोकळ्या होतील. म्हटलं, "साहेबान धाडल्यान माका, काकी. तुमचा काम बघुक."

"खंयचो तू?"

"विजयदुर्गाकडचो."

"आवस-बापूस?"

"आवस आसा. बापूस नाय."

"आणि काम बघून साहेब तुका काय देतलो?"

तेव्हा मी गंमत केली. देवाशपथ, गंमतच होती. म्हटलं, "देता कसलो! आकडे बरे नाय गावले तर साहेब माका काढून टाकतलो."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. द्वारकाकाकी हसली नाही. ते मी बघितलं होतं, पण मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस मी त्या ओळीसमोर उभा राहून वेळ टिपला. काय ते हात चालत होते! ठोका, गर, ठोका, गर, मध्ये श्वास नाही. राखेत हात जायचा तो वीस-पंचवीस बियांनी एकदा. बोलणं नाही, पान खाणं नाही. मी मनात म्हटलं, वा! आणि लगेच धडा आठवला. घड्याळासमोर माणूस रेंगाळतो. म्हणजे या बायका रेंगाळून एवढं करताहेत तर खरं किती करत असतील? नव्वद लिहावं की काय, असंही आलं मनात. पण मी उदार झालो. आपल्याच मुलखातल्या बायका, म्हटलं, जाऊ दे. आणि प्रत्येक कागदावर शंभर लिहिलं.

निघायच्या दिवशी द्वारकाकाकीनं माझ्या हातात खाज्याची पुडी ठेवली. म्हणाली, "आवशीक दी. आणि साहेबाक सांग, आकडे बरे आसत म्हणान." पुडी देताना तिनं पदर हातावर ओढून घेतला होता. पुडी पदरातूनच दिली. मला वाटलं, मर्यादा. तोंडात खाजं टाकून मी होडीत बसलो.

अहवाल झकास झाला. एका बाईनं दिवसाला किती गर काढावा, त्याचं माप त्यात होतं. राखेची टोपली प्रत्येकीजवळ नको, ओळीच्या टोकाला एकच मोठं टोपलं पुरे, कारण हात फार वेळा राखेत जात नाही, असंही त्यात होतं. आणि शेवटच्या पानावर, आपण किती कडक आहोत हे दिसावं म्हणून, मी एक नियम घातला. चार आठवडे सलग मापाखाली राहील तिचं नाव ओळीतून कमी करावं. त्या पानाबद्दल साहेबांनी माझी पाठ थोपटली. कारखान्याचे मालक तर इतके खूश झाले की दोन महिन्यांनी त्यांचं मलाच पत्र आलं. मॅनेजरची जागा रिकामी आहे, ज्यानं माप काढलं त्यानंच ते राबवावं, येता का?

न जायला काय झालं होतं! मुंबईत मी फळी धरणारा पोऱ्या. इथं मॅनेजर. खोली, टेबल, वर पंखा, राहायला दोन खोल्यांचं घर. आईला विजयदुर्गाहून आणली. तिनं गावदेवीला नारळ दिला आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या पडवीऐवजी स्वतःच्या स्वयंपाकघरात निजली.

या दोन नोकऱ्यांत फरक काय, असं मला पुढे पुष्कळ तरुण मुलांनी विचारलं. मी सांगतो, सल्लागार पंगतीत जेवून उठतो आणि पान खाऊन चालायला लागतो. मॅनेजरला मागे राहून खरकटं काढावं लागतं. मी तर माझंच वाढलेलं खरकटं काढायला गेलो होतो. पण जाताना ते ठाऊक नव्हतं.

पहिल्या दिवशी ओळीतल्या बायकांना कोण आनंद! "झील मॅनेजर होवन इलो!" द्वारकाकाकीनं तर माझ्यावरून मीठ-मिरची ओवाळायचीच बाकी ठेवली होती. मी फळ्यावर माप लिहिलं. राखेची टोपली उचलून ओळीच्या टोकाला एक मोठं टोपलं ठेवलं. आणि संध्याकाळी वजन केलं तर एकही बाई मापाच्या जवळपास नाही.

पहिला आठवडा गेला. दुसरा गेला. मापाखाली राहिलेल्यांची नावं मी फळ्यावर लिहायला लागलो, म्हणजे लाजेनं तरी हात चालतील. नावं लिहून लिहून खडू संपला. हात चालले, पण राखेपर्यंत उठून जायला वेळ कुणाला? तिसऱ्या आठवड्यात मी ओळीतून फिरत होतो तर एकीच्या बोटांची कातडी लोंबत होती. दुसरीनं चिंधी बांधलेली. मला बघून तिनं हात पाठीमागे घेतला. मला राग आला. खरं सांगतो, कीव नाही, राग आला. मला वाटलं, या बायका मला नवखा समजून नाटक करताहेत.

कारखान्याचा मुकादम इस्माईलभाई म्हणून होता. बंदरावरच्या घरातला, वयानं माझ्या दुप्पट, कमी बोलणारा. त्या दिवशी तो माझ्या खोलीत आला, दार लोटलं आणि उभा राहिला.

"साहेबानू, एक सांगू? रागावशात नाय मा?"

"बोला."

"ह्या माप ह्या बायलांचा न्हय."

"म्हणजे? मी स्वतः घड्याळ लावलंय, इस्माईलभाई."

"व्हय. तुमी घड्याळ लावल्यात तेच तीन दिस. तुमी सांगल्यात मा, आकडे बरे नाय गावले तर साहेब काढतलो? द्वारकाकाकीन सांजेक सगळ्यांक थांबवल्यान. म्हणाली, बापूस नाय झिलाक, नोकरी गेली तर आवस खातली काय? तीन दिसांचो प्रश्न, हात चालवा गो बायांनू. राखेत हात धड घालूक नाय कोणी. मगे आठ दिस तेंका हातान घास घेवक जमलो नाय."

तो गेला. मी पंख्याखाली बसून राहिलो. आपल्याकडे घरात पाहुणा आला की सरंगा माशाची मधली तुकडी त्याच्या ताटात वाढतात आणि घरची माणसं कढी-भात खाऊन उठतात. मी तो पाहुणा. ताटातली तुकडी बघून मी लिहून दिलं होतं की हे लोक रोज सरंगाच खातात. तेही मी, तिथलाच, त्याच घरांतून वाढलेला! मुंबईचा कुणी साहेब असता तर त्याला माफ होतं. मला ओळखायला हवं होतं. एवढी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती, पण तेव्हाची लाज काहीच नव्हती, कारण तोवर माझ्या हातून नुसती चूक झाली होती. चूक सुधारता आली असती.

मी ठरवलं, मालकांना सांगायचं. त्याच रविवारी सायकल मारत मालवणला त्यांच्या घरी गेलो. वाटेत वाक्यं पाठ केली. माझ्या मोजणीत दोष आहे, माप उतरवावं लागेल. एवढंच तर बोलायचं होतं.

तिथं पडवीवर दक्षिणेतले दोन व्यापारी बसले होते. मालक मला बघून उठले. मालक उठले! म्हणाले, "या, या. हेच ते, मघाशी सांगत होतो ना? घड्याळ लावून माप काढलं यांनी. सगळं शास्त्रीय. यांच्या कागदाला तोड नाही." व्यापाऱ्यांनी मला नमस्कार केला. माझ्या हातात सोलकढीचा पेला आला. मालकांनी विचारलं, "का आलात? काही काम?"

मी म्हणालो, "गोदामाचे पत्रे. पावसाळ्याआधी बदलायला हवेत."

पत्रे बदलले. उत्तम बदलले, पुढं कित्येक वर्षं गळले नाहीत.

परत येताना मी स्वतःला हजार कारणं दिली. पाहुण्यांसमोर कसं बोलायचं? पुढच्या रविवारी सांगू. पण पुढचा रविवार आला तेव्हा आई ओट्यावर बसून शेजारणीला सांगत होती, माजो झील मॅनेजर. माप खोटं तर अहवाल खोटा, अहवाल खोटा तर मी कोण? मी मूग गिळून बसलो.

आषाढ लागला. होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी झाकल्या. त्या दिवसांत मासेमाऱ्याच्या घरात पैसा येणं बंद, कारखान्याच्या हजेरीवरच चूल पेटते. आणि नेमके तेव्हा द्वारकाकाकीचे चार आठवडे भरले. तरुण पोरींनी हात जाळून घेत कसंबसं माप गाठायला सुरुवात केली होती. तिला ते जमेना. वय झालं होतं आणि तिच्या बोटांवरच्या जखमा भरत नव्हत्या.

ती माझ्या खोलीत आली. बस म्हटलं, बसली नाही. ओल्या पदराचं टोक पिळत दाराशीच उभी राहिली.

"साहेबानू, नारळी पुनवेपर्यंत रवांदेत माका. होडये पाण्यात गेल्ये काय माजा मी बघतंय. आता घरात दुसरो आधार नाय."

ती मला तुमी म्हणत होती. त्या तीन दिवसांबद्दल एक शब्द बोलली नाही. मी वाट बघत होतो. तिनं तो विषय काढला असता तर मी विरघळलो असतो, असं मी नंतर कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. छे, खोटं कशाला बोलू? काढला असता तर मी आणखी चिडलो असतो.

मी शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा आहे, बाई. मला एकीसाठी तो मोडता येणार नाही."

बाई म्हणालो मी तिला. काकी नाही.

"बरा," म्हणाली आणि गेली. मी यादीवर सही केली. इस्माईलभाईनं ती यादी माझ्यासमोरून उचलली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो माणूस त्यानंतर माझ्या हाताखाली कित्येक वर्षं होता. कामात कधी कुचराई केली नाही, पण ईदची खीर तो कारखान्यात सगळ्यांकडे पाठवायचा, ती माझ्या घरी कधी आली नाही.

गणपती होऊन गेले आणि परदेशातून तक्रारी यायला लागल्या. मालात तुकडा फार. येणारच! घाईचा ठोका नेमका कसा बसणार? मग मी मालकांना लांबलचक पत्र लिहिलं. गराचा दर्जा राखायचा तर वेग कमी करणं इष्ट, राख प्रत्येकीजवळ असणं इष्ट. माप उतरवलं. नेमकं तेवढंच उतरवलं, जेवढं मी त्या कागदांवर शंभराऐवजी सव्वाशे-दीडशे लिहून उतरवायला हवं होतं. अख्खा गर वाढला. मालकांनी पुन्हा पाठ थोपटली, म्हणाले, याला म्हणतात दूरदृष्टी. म्हणजे मीच बिघडवलं, मीच दुरुस्त केलं, दोन्ही वेळा शाबासकी मला, आणि खरी गोष्ट कुणाला सांगायची वेळच आली नाही. नाक वर करून चाललो होतो मी.

द्वारकाकाकीला परत बोलवायला मी इस्माईलभाईला धाडलं. तो येऊन म्हणाला, "नको म्हणता." मग मीच गेलो.

घर माडांत, समुद्राला लागून. नवरा ओट्यावर जाळं घेऊन बसला होता, त्यानं मान हलवली. ती आतून आली, पाट मांडला, पाणी दिलं, गुळाचा चहा टाकला. पावसाळाभर ती खाडीत उतरून शिंपल्यांतली कालवं काढत होती आणि बाजारात विकत होती, हे मला इस्माईलभाईनं सांगितलं होतं. फोड आलेले ते हात, आणि खाडीचं खारं पाणी. तिनं कपबशी पुढे केली तेव्हा मी त्या बोटांकडे बघायचं टाळलं. तरी दिसलंच, एका बोटाचं नख आणि कातडी नीट आलीच नव्हती.

"काकी, परत ये," मी म्हटलं. "माप खाली आणलंय."

"नको रे. आता ह्या हातांक हातोडी धरवत नाय."

मग मी म्हटलं, कसंबसं म्हटलं, "काकी, ते माप माझं चुकलं होतं. तुम्ही माझ्यासाठी हात चालवलेत, ते मला कळलं नाही. नंतर कळलं."

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "इस्माईलान तुका सांगल्यान, तां पण म्हायत आसा. आमका वाटला, एकदा तुजी नोकरी घट्ट झाली काय तू सांगशीत. आज सांगशीत, उद्या सांगशीत."

मी कप खाली ठेवला.

"मग तू तरी का नाही बोललीस? माझ्या खोलीत आली होतीस तेव्हा? सरळ मालकांकडे का नाही गेलीस?"

तिला माझा प्रश्नच कळला नाही असं तोंड तिनं केलं. "मी सांगलंय असतंय तर तुजी नोकरी गेली असती मा रे."

असं म्हणून ती चुलीतली लाकडं सारायला आत गेली. मला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. मी चहा संपवला, कारण उष्टा टाकून उठणं तिला आवडलं नसतं, आणि ओट्यावरून उतरलो. तेव्हा ती मागून आली. म्हणाली, "माज्या सुनेक घे त्या जाग्यार. सुलू नाव. हुशार आसा."

घेतली. न घेऊन जातो कुठं!

सुलूचा पहिला दिवस होता तेव्हा द्वारकाकाकी तिच्याबरोबर आली. मी फिरत फिरत ओळीशी गेलो होतो. काकीनं सुनेला पाटावर बसवलं, बी कशी उभी धरायची ते दाखवलं, तिचा हात धरून राखेत बुडवला. मग उठता उठता म्हणाली, "आणि ह्या बघ गो बाय. कोण बघुक इलो तर हात हळू चलव."

मला टोमणा मारायला ती हे बोलली नाही. मी चार हातांवर उभा आहे हे तिला माहीत होतं, तरी तिनं आवाज चढवला नाही की उतरवलाही नाही. सुनेला कामाच्या चार गोष्टी सांगायच्या असतात, त्यांतली ती एक होती. ओळीतल्या बाकीच्या बायकांनी मानही वर केली नाही. त्यांना ते केव्हाच ठाऊक झालं होतं.

त्यानंतर मी तिथं बरीच वर्षं मॅनेजर होतो. चांगला होतो, असं लोक म्हणतात. पाळणाघर काढलं, हातांसाठी दवाखान्याची सोय केली, कुणाचं नाव पुन्हा कधी ओळीतून कमी केलं नाही. पण माझ्या खोलीत बसलं की भिंतीपलीकडून हातोड्यांचा आवाज यायचा, भरभर, एका लयीत, मध्येच कुणाचं तरी हसणं. मी उठून ओळीत गेलो की तो आवाज उतरायचा. एकेक हात मंद व्हायचा. हसणं थांबायचं. सगळ्या जणी मान खाली घालून, सावकाश, एकेक बी. मी परत फिरलो की आवाज पुन्हा चढायचा.

मग मी आत जाणंच सोडलं. काही सांगायचं असलं तर दारातून इस्माईलभाईला हाक मारायचो.